जुना ट्यूबा आणि माझे ओठ

“काका, आधी कोणता वाजवता?” वैशालीनं विचारलं. तिचं बोलणं संपायच्या आत मी कोपऱ्यातल्या जुन्या ट्यूबाकडे निघालो होतो. चूक तिथेच झाली.

नागपूरच्या महाल भागातलं बबनरावांचं दुकान जुन्या-नव्या वाद्यांनी इतकं भरलेलं आहे की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पायरीवर उभं राहावं लागतं. वैशाली पराते मूळची उमरेडची. घरी पूर्वी हातमाग होते. आता तिनं बायकांचा लग्नाचा बँड काढला आहे आणि त्यात ट्यूबा ती स्वतः वाजवते. आजवर मागून आणलेल्या वाद्यावर भागत होतं. पण लगीनसराई तोंडावर आली होती आणि धरमपेठेतली एक मोठी वरात मिळाली होती. तिथल्या मंगल कार्यालयाच्या मालकानं साफ सांगितलं होतं, “ह्या एका वरातीत ऐकतो. जमलं तर पुढची लग्नं तुम्हाला, नाही तर राम राम.” म्हणून तिनं निवडीसाठी मला बोलावलं. मी सरकारी बँडातून निवृत्त झालेला ट्यूबावाला.

ट्यूबा म्हणजे बँडातलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य, मोठं मूल कडेवर घ्यावं तसं कवेत धरून वाजवायचं. सगळ्यांत खालचे सूर त्याचे. लोकांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. ते बंद पडलं की मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकतात आणि का चुकले ते कुणालाच कळत नाही.

दुकानात तीन होते. एक नवाकोरा, परदेशी, चकचकीत. एक मेरठकडचा, वापरलेला. आणि तिसरा माझा.

माझा म्हणजे सरकारचा. पण नोकरीभर मीच वाजवला. निवृत्तीच्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला आणि ट्यूबा स्टोअरमध्ये जमा झाला. पुढे जुनी वाद्यं लिलावात निघाली, ती बबनरावांनी उचलली. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी त्या गल्लीतून जाणं टाळत असे. निवृत्तीनंतर माणसाला ऑफिसची आठवण येते म्हणतात. मला ऑफिसची कधी आली नाही. ह्या पितळाची मात्र रोज यायची.

ट्यूबाच्या परीक्षा तीन. पहिली आवाजाची. खालचा एक सूर घ्यायचा आणि दम पुरेल तोवर धरायचा. मी माझ्या जुन्याला ओठ लावले आणि दुकानातल्या टांगलेल्या झांजा हलक्या थरथरल्या. मला रडूच आलं असतं, पण ओठांवर माउथपीस होता.

दुसरी परीक्षा सुराची. वैशालीनं मोबाईलवर ट्यूनर लावला. सूर बरोबर असला की त्यातला काटा मधोमध राहतो, चढा असला की उजवीकडे पळतो. मी एकेक सूर वाजवत गेलो. काटा जागचा हलला नाही.

तिसरी परीक्षा व्हॉल्व्हची, म्हणजे बोटानं दाबायच्या दट्ट्यांची. दट्ट्या न दाबता त्याची नळी थोडी बाहेर ओढायची आणि मग दाबायचा. ‘टप्’ असा आवाज आला तर हवा कुठून गळत नाही. नव्याचे सगळे व्हॉल्व्ह टपटप बोलले. मेरठवाल्याचे कुरकुरत बोलले. माझ्या जुन्यातला पहिला जेमतेम बोलला आणि दुसरा दाबला तो अडकत अडकत, उशिरा वर आला.

“तेल टाकलं की चालते,” मी म्हणालो. “हाच घे.”

“काहून काका? नवा तर दिसाले बी चांगला हाय.”

“दिसाले वरातीत घोडा असते वं. तू आवाज पाय.”

बबनराव पायरीवरून म्हणाले, “साहेब बोलले म्हणजे झालं. नाही तर मी हॉटेलवाल्याले देतो. भिंतीवर टांगाले मागून राहिला तो.”

भिंतीवर! मी ट्यूबा जरा घट्ट धरला.

“थांबा, मी वाजवून पायते,” वैशाली म्हणाली. तिनं तेच सूर वाजवले. पहिले दोन ठीक. मग काटा उजवीकडे पळाला. तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला.

“माझंच चुकून राहिलं काका. तुमच्या हातात बरोबर होता.”

“सवय होईल बाई,” बबनराव म्हणाले.

मी पुन्हा घेतला. काटा मधोमध. मग मला शंका आली आणि मी काट्याकडे न बघता स्वतःच्या ओठांकडे लक्ष दिलं. काही सुरांवर ते आपोआप ढिले पडत होते. पहिला आणि तिसरा दट्ट्या एकत्र दाबला की सूर चढतो, हा ट्यूबाचा जुनाच रोग. चांगल्या ट्यूबात त्यासाठी चौथा व्हॉल्व्ह असतो. माझ्यात तो नव्हता. ट्यूबाच्या खोडी माझे ओठ नोकरीभर झाकत आले होते, आणि मी समजत होतो की तो सुरात आहे.

गप्प बसलो असतो तर तो वरातीत वाजला असता. वैशाली मात्र सगळा सीझन स्वतःला बोल लावत बसली असती.

“तुझं काहीच चुकत नाही,” मी म्हणालो. “वाद्य चढं हाय. माझे ओठ त्याले सांभाळून घेतात.”

“मंग मी बी शिकते सांभाळाले.”

“तुले बँड सांभाळायचा हाय. नवा घे.”

तिनं नवा वाजवला. आवाज थोडा कोरडा, पण काटा मधोमध. ती हसली आणि मी जुना उचलून कोपऱ्यात ठेवला.

प्रताप नगरला घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग आना ना घरी. काहून नाही आनत?” मी म्हणालो, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे, शेजारी काय म्हणतील, ह्या वयात वाजवणार कोण. असा विचार करण्यात आठवडा गेला. महालात पोचलो तेव्हा कोपरा रिकामा होता.

धरमपेठेतली वरात मी फुटपाथवर उभा राहून ऐकली. वैशालीकडे कुणीही पाहिलं नाही आणि एकाही नाचणाऱ्याचा पाय चुकला नाही. पुढची लग्नं तिलाच मिळाली.

ह्यातून शिकलो ते एवढंच: ट्यूबा पारखायचा तर तो वाजवणाऱ्याच्या हातात आधी द्यावा, आणि ज्यावर आपला जीव आहे तो घरी आणायचा तर जागा नंतर शोधावी.

माझा ट्यूबा आता त्या हॉटेलात डोसा खाणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलेला आहे, भोंग्यात प्लास्टिकची फुलं घेऊन. मी तेच टेबल मागतो. कॉफी येईपर्यंत उभा राहून दुसरा व्हॉल्व्ह दाबतो. अजून अडकतो. मग वेटर येतो.

“काका, हात नका लावू. शोचा हाय तो, वाजत नाही.”

मी हात काढून घेतो आणि कॉफी पितो.