पत्रात नसलेला ‘ज्ञ’

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसलोय, आणि हे लिहून झाल्यावरही हसणार आहे. तेव्हा कॉमेंटमध्ये लिंबू-मिरची टाकू नका.

सातपूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्स, सगळं. हाताने लिहिल्यासारखा दिसणारा मोकळाढाकळा फाँट ही माझी खोड... पाणीपुरीच्या गाडीला शोभतो, केकच्या दुकानाला शोभतो. एकदा मी तो श्रद्धांजलीच्या फ्लेक्सलाही लावला. आजोबा पिकनिकला निघाल्यासारखे दिसले. घरचे काय बोलले ते सांगत नाही.

तर मागच्या वर्षी भर दुपारी प्रज्ञा नावाची शिक्षिका आली. स्वतःच्या लग्नाची पत्रिका करायची होती. हातात वडिलांचं एकच पत्र — ती होस्टेलला असताना आलेलं. वडील कंपनीत कामाला होते, आता हयात नाहीत.

“दादा, ह्या अक्षराचा फाँट बनतो का? पत्रिका पप्पांच्या हातची पाहिजे.”

“बनतो ना ताई. एकेक अक्षर स्कॅन करून बसवायचं.”

“पण पत्रात नाही ते अक्षर मनाने बनवायचं नाही. तसं केलं तर राहू द्या, साधी छापू.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिला काय कळतंय...

चार दिवस खपलो. शेवटी लक्षात आलं, पत्रात ‘ज्ञ’च नाही. बाप लेकीला ‘बेटा’ म्हणायचा, नाव लिहिलंच नव्हतं. ठरवलं, ‘ज्ञ’ आपणच ठोकून देऊ. आणि नेहमीप्रमाणे विसरलो. आठवलं तेव्हा ती दारात उभी. फाँटमध्ये अक्षर नसलं की तिथे रिकामा चौकोन छापला जातो; आता नावात तो येणार, हे धरूनच प्रिंट दिली.

चौकोन नव्हता. ‘माझी लेक प्रज्ञा’ — आणि ‘ज्ञ’ची शेपटी खालून वळून पार वरच्या रेघेला टेकलेली.

“हा कुठून आणला?”

“पत्रातूनच की.”

“पत्र मला पाठ आहे, दादा.”

मग मी खरं सांगितलं. खरं सांगायची सवय नसल्याने ते जास्तच खोटं वाटलं. प्रिंट टेबलावर ठेवून ती निघून गेली. पत्रिकेचं काम गेलं, असंच मी धरलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, हातात गंजलेली कंपासपेटी. झाकणाच्या आत वडिलांनी खिळ्याने कोरलेलं तिचं नाव. तीच शेपटी.

“आईच्या ट्रंकेत सापडली. मीच विसरले होते,” ती म्हणाली. “छापा.”

पुन्हा टाइप केलं तर रिकामा चौकोन. शेवटी ती पहिली प्रिंट स्कॅन करून त्यावरून सगळ्या पत्रिका छापल्या. फाँट बनवणारा एक मित्र म्हणाला, “कॉम्प्युटरने दुसऱ्या फाँटमधून उचलला असेल.” म्हटलं, दाखव. दुपारभर शोधून, दोन चहा पिऊन गेला. मलाही अजून सापडलेला नाही.

आत्मा वगैरे मी आजही मानत नाही. तो ‘ज्ञ’ आला कुठून विचाराल, तर कारण माझ्याकडे नाही. पण आयुष्यभर नकली हस्ताक्षरं विकलेला माणूस सांगतोय — ती पत्रिका तिच्या बापाच्या हातची आहे. ज्याला नकली म्हणायचंय त्याने दुकानात येऊन, माझ्यासमोर म्हणावं.