प्रधानसाहेबांची शुक्रवारची अमेरिका

प्रधानसाहेब वारले. मिनू मागे राहिली.

त्या माणसाला आयुष्यभर फक्त याच एका गोष्टीची भीती होती.

मिनू त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून चालता येत नाही, बोलणं मोजकं. आज ती चाळिशीत आहे. वय विचारलं तर "फाइव्ह" सांगते.

शारजात अल मजाजला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. कंपनीही एकच, एसीचे डक्ट बनवणारी. साहेब एस्टिमेशनला, मी अकाउंट्सला.

नव्वदच्या दशकातल्या गोष्टी आहेत या.

शुक्रवारी सुट्टी. वहिनींच्या हातचं जेवण झालं की साहेब टीव्हीवर अमेरिकन न्यूज लावायचे. तेव्हा तिकडे गरिबांचं वेल्फेअर कमी करण्यावरून मोठा वाद चालू होता. अमेरिका कधी न बघितलेले साहेब तो वाद घरचा असल्यासारखा लढायचे.

"ज्याने जन्म दिला त्याने पोसायचं. सरकार काय मुलांचा बाप आहे?"

समोर आमच्या परचेसचे इस्माईलभाई, रत्नागिरीचे. "साहेब, भुकेल्याला द्यायचं. त्याने पोरं कशाला काढली ते विचारायचं नाही."

"म्हणून तुम्हाला सप्लायर गुंडाळतात!"

"गुंडाळू दे. तुमचा नि माझा पासपोर्ट शेवटी कंपनीच्या एकाच तिजोरीत आहे."

यावर साहेबच सगळ्यात मोठ्याने हसायचे. मग माझ्याकडे वळायचे. "लेले, तू बोल की काहीतरी. तोंडात खजूर आहे का?"

मी ताक पीत राहायचो.

तेवढ्यात आतून मिनू ओरडायची, "नो न्यूज, बाबा! कार्टून!"

की अमेरिका खलास.

मिनूचा व्हिसा साहेबांच्या नोकरीवर होता. बाप नोकरीत आहे तोवर मुलगी देशात. त्यामुळे मॅनेजर काहीही बोलला तरी साहेब "येस सर" म्हणायचे. माझं टेबल शेजारीच होतं. मला ऐकू यायचं.

एका शाळेने मिनूला घेतलंच नाही. दुसरीने थोडे दिवस ठेवून परत पाठवलं.

उन्हाळाभर ती फ्लॅटच्या बाहेर पडायची नाही. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसायचं, तेवढंच.

"इंडियाला परत का जात नाही?" असं कोणी विचारलं की साहेब म्हणायचे, "तिथे कोण बसलंय? इथेही बाप, तिथेही बाप."

एकच दार होतं. वहिनींचा भाऊ न्यू जर्सीला. मिनू लहान असतानाच त्याने बहिणीसाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकला होता. फोनवर सांगायचा, "ताई, इथे अशा मुलांचं सगळं सरकार बघतं. शाळा, व्हीलचेअर, सगळं."

साहेब म्हणायचे, "फुकट काही नको मला."

पण अर्ज मागे घ्या, असं कधी म्हणाले नाहीत.

मिनू सोळाची झाली आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. अबुधाबीला.

आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनी आपल्याकडे ठेवून घ्यायची. आता तिजोरीतून पासपोर्ट काढायचा, तर कंपनीतल्या दुसऱ्याने जामीन राहावं लागायचं. घेणारा पासपोर्ट परत आणून देईपर्यंत जामीनदाराचा पासपोर्ट अडकलेला. मी सही केली.

"लेले, पळून नाही जाणार रे."

"गेलात तरी चालेल, साहेब."

हे माझं तोवरचं सगळ्यात मोठं भाषण.

इंटरव्ह्यूत ऑफिसरने अगदी नम्रपणे विचारलं म्हणे. ही मुलगी सरकारवर भार होणार नाही, याची हमी कोण देणार?

हमी भावानेच द्यायची होती. कायदेशीर सही, म्हणजे सरकारने तिच्यावर खर्च केला तर तो त्याच्याकडून वसूल. त्याने वकिलाला विचारलं आणि वहिनींना फोन केला.

"ताई, तुमच्या दोघांसाठी करतो सही. मिनूचं मात्र वकील नको म्हणतोय."

म्हणजे आईबापांना अमेरिका उघडी होती. मुलीला नव्हती.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी आपला पासपोर्ट परत तिजोरीत दिला. माझा सुटला. ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेताना म्हणाले,

"नियम बरोबर आहे त्यांचा. मीच नाही का दर शुक्रवारी सांगायचो?"

मग कप धुवत राहिले. धुतलेलाच कप.

"फक्त एक राहिलं रे. बाप आहे तोवर बाप. पुढे?"

त्यानंतर शुक्रवारी जेवणं झाली की टीव्हीवर कार्टून असायचं. इस्माईलभाईंनी एकदा मुद्दाम छेडलं, "काय साहेब, अमेरिका काय म्हणते?"

"मिनूला विचारा," म्हणाले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

साहेबांची साठी झाली, नोकरी संपली, व्हिसा संपला. तिघं नाशिकला गेली. दर दिवाळीला फोन व्हायचा. तब्येत विचारली की एकच उत्तर.

"मी मरायला मोकळा नाहीये, लेले."

आज सकाळी वहिनींचा फोन आला. त्या स्वतः आता पंचाहत्तरीच्या आहेत. रडल्या नाहीत.

"मिनूने न्यूज लावलीय, भाऊजी. आवाज मोठा करून. बाबा उठतील म्हणते."

मग म्हणाल्या, "माझ्यानंतर कोण हो?"



साहेब, तोंडातला खजूर आज काढतो. तुमच्याशी पहिल्यांदाच वाद घालतोय, आणि तुम्ही ऐकायला नाही.

बाप म्हणून तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. दार उघडं असून गेला नाहीत. तिच्यासाठी जन्मभर "येस सर" म्हणालात. तरी पुरलं नाही. एकट्या बापाचं कधी पुरणारच नव्हतं.

सरकार मुलांचा बाप नसतं, हे खरं.

पण बाप मरतो, साहेब. सरकार मरत नाही.

मी आज शारजाहून नाशिकला निघतोय. पासपोर्ट आता माझ्या घरच्या कपाटातच असतो. उद्या मिनूशेजारी बसेन. ती लावेल ते बघेन.

तुम्हाला मोकळं व्हायचं नव्हतं, माहीत आहे मला.

नमस्कार, साहेब. या आता.