तीनशे तेरावरचा काडीमोड

आमच्या अंधेरीच्या गाळ्यात स्पेक्ट्रोमीटर तयार होतात. प्रकाश आत घ्यायचा, त्याचे रंग सुटे करायचे आणि कुठला रंग नेमका कुठे पडतो ते दाखवायचं, एवढंच त्या पेटीचं काम. डिझाइन माझं, आणि पेटी बाहेर पडण्याआधी तिची परीक्षा घेणारीही मीच. परीक्षेला पाऱ्याचा दिवा लावायचा. त्याच्या रेषा कुठे पडायला हव्यात हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. आपल्या पेटीला ते ठाऊक आहे का, हे बघायचं.

त्यातली तीनशे तेरा नॅनोमीटरची जोडी महाबिलंदर. दोन रेषा इतक्या लगटून असतात की साध्या यंत्राला एकच उंचवटा दिसतो. मग प्रकाशाची फट अरुंद करायची, आरशाचा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा बघायचं. आमचे फिटर काका मालवणकडचे. त्यांनी या जोडीचं नाव ठेवलं घोव-बायल, म्हणजे नवरा-बायको. स्क्रीनवर दोघांच्या मध्ये दरी पडली की ते गाळाभर ओरडायचे, "झालो रे काडीमोड!" ज्याच्या हातून तो झाला त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. मी कितीतरी वेळा दिलाय, शिव्या घालत आणि आनंदाने.

गेल्या वर्षी माझा स्वतःचा झाला. बारा वर्षांचा संसार. भांडण असं नव्हतंच, बोलणंच संपलं होतं. कोर्टात दोघांनी सह्या केल्या आणि दोन रिक्षा केल्या. घाटकोपरच्या घरात नंतर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज उरला नाही, म्हणून मी गाळ्यावर लवकर येऊ लागले. दिवसभरात माझ्याशी कोणी हसून बोलेल अशी ती एकच जागा होती. तीही गेली असती तर मी काय करणार होते, मला खरंच माहीत नव्हतं.

कोर्टानंतर तिसऱ्याच दिवशी एका पेटीत जोडी फुटली. काकांनी स्क्रीन बघितली, घसा खाकरला आणि म्हणाले, "मॅडम, तीनशे तेरा रिझॉल्व्ह झाला."

रिझॉल्व्ह! हा पुस्तकी शब्द या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. बाकीचे आपापल्या स्क्रूंमध्ये डोकं घालून बसले. वडापाव कोणी मागितला नाही. पुढे कित्येक महिने हेच चाललं. मी आले की गप्पा थांबायच्या, खुर्ची पुढे यायची, चहा आधी मला. दयेचा मला मनापासून संताप येतो. त्यापेक्षा "मॅडम, वाट लागली ना तुमची" असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती.

शेवटी मीच तोंड उघडलं. नवीन मॉडेलची पहिली पेटी होती, दरी झकास खोल पडली होती. मी जोरात ओरडले, "झालो रे काडीमोड!"

एरवी माझ्या मालवणीची यथेच्छ टिंगल झाली असती. त्या दिवशी कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"काका, हसा ना," मी म्हणाले. "मेलेय का मी?"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "हसलो असतो, मॅडम. पण डब्यात अजूनही दोघांच्या हिशेबाने चार पोळ्या आणता तुम्ही. दोन खाता, दोन तशाच परत नेता. रोज बघतो मी."

मी दिवा बंद केला. फार एकटं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सगळ्यांना कधीपासूनच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवून दोनच पोळ्यांची कणीक भिजवायला बसले. परातीत पीठ घेतलं, जास्त वाटलं म्हणून थोडं परत टाकलं, मग कमी वाटलं म्हणून पुन्हा काढलं. दोन पोळ्यांना पीठ किती लागतं, तेच मला माहीत नव्हतं.