काठी न लागलेली काच

"मामा, आई गेली," एवढंच विलास फोनवर म्हणाला. संग्रामपूरच्या घरी मी जेवायला बसलो होतो. हातातला घास ताटात ठेवला, आणि मनात आधी आला तो रागच... मालूताई, माझी थोरली बहीण, एक खोटा आळ डोक्यावर घेऊन गेली होती.

विलास तिचा एकुलता एक लेक. खामगावला घर बांधलं तेव्हा त्यानं हॉलला पश्चिमेकडून एकच मोठी काच बसवली. ताईला ती फार आवडली. कमरेचं हाड मोडल्यापासून तिचं बाहेर जाणं संपलं होतं. काठी टेकत काचेजवळच्या खुर्चीत यायची आणि रस्त्यावरच्या भाजीवालीपासून वरातीतल्या घोड्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी म्हातारी दिसते, हे लेकाला खुपू लागलं. त्यानं काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला काळी फिल्म लावली. दुपारभर ऊन त्या काळ्या भागावर, आणि आतून कूलरचा गार वारा काचेच्या कडेवर! आमच्या पिढीनं कंदिलाच्या काचा पुसल्या आहेत; तापल्या काचेला ओलं फडकं लागलं की ती तडकते, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. तापलेला भाग फुगायला बघतो, गार भाग त्याला फुगू देत नाही, आणि मग काच जीव सोडते. घरात एवढे शिकलेले लोक, पण कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

एप्रिलातल्या एका दुपारी काच फाटकन तडकली. जवळ फक्त ताई होती आणि हातात काठी, म्हणजे निकाल लागलाच. मी भेटायला गेलो तेव्हा ती मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत होती. काठी कपाटावर ठेवून दिलेली. "आईच्या सेफ्टीसाठी," असं विलासचं म्हणणं. ताईनं माझा हात घट्ट धरला.

"बाबू, म्या काठी लावली नाई रे. तुले तरी खरं वाटते ना?"

"हाव ताई."

बाहेर येऊन मी काच पाहिली. ठोका बसला असता तर तिथं जाळं उमटलं असतं. ही चीर सरळ चौकटीच्या कडेतून निघाली होती. विलासला बोट लावून दाखवलं, तर तो हसला. "मंग काय आपोआप फुटली का मामा?"

ताई त्या खोलीतून पुन्हा चालत बाहेर आली नाही. पुढं नवी काच आली आणि तिच्यावर नवी काळी फिल्मही.

तेरवीला मी ताईची काठी मागून घेतली आणि मांडीवर आडवी ठेवून बसलो. पंगत चालू होती, बाहेर ऊन रटरटत होतं, कूलर घरघरत होता. काचेपाशी चिटपाखरू नव्हतं. आणि फाटकन आवाज झाला... कडेतून निघालेली चीर वरपर्यंत गेली. सगळ्यांनी काचेकडे पाहिलं. विलासनं माझ्या मांडीवरच्या काठीकडे पाहिलं.

"काऊन रे," मी विचारलं, "आता कोनं फोडली?"

हातातलं बुंदीचं भांडं त्यानं माझ्यापुढं केलं. म्हणाला, "मामा, बुंदी घ्या."

निघताना मात्र फाटकापर्यंत मागं आला. "काठी इथंच राहू द्या ना मामा. आईची आठवन म्हनून."

मी दिली नाही. आता ती माझ्या दाराशी खुंटीला टांगलेली असते. येता-जाता मी तिच्याकडे बघतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ताई, तू नाही फोडलीस. पण हे ज्याच्या तोंडून ऐकायला ती तरसली, तो अजून बोललेला नाही.