बिब्ब्याचे म्हणून सोडलेले डाग

वच्छलाबाई पाचोडजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवायच्या. मी त्यांची पर्यवेक्षिका. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून जीपनं जायचे, रजिस्टरं तपासायचे आणि हुकूम सोडून परत यायचे. बाई वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, शिक्षण सातवी, तोंडानं फटकळ. पोरं उशिरा आणणाऱ्या आयांना त्या दारातच झाडायच्या, पण पोरावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही.

दोन हजार चौदाची गोष्ट. चार वर्षांच्या गोदीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि ती चुलत्याकडं, पुंजारामकडं राहत होती. अंगणवाडीत दर महिन्याला कपडे काढून मुलांचं वजन घेतात. दिवाळीनंतरच्या वजनाला बाईंना गोदीच्या पोटावर दोन काळे गोल डाग दिसले. पोट दुखलं की आपल्याकडं गरम बिब्ब्याचा चटका देतात. बाईंच्या स्वतःच्या पोटावरही तसले डाग होते. त्यांनी वजन लिहिलं आणि पोरीला खिचडी वाढली.

पुढच्या वजनाला डाग पाठीवर होते, मांडीवर होते. तिथं कोण बिब्बा घालतं? बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं.

गोदी म्हणाली, "काका बिडी इझवतो."

बाईंनी मला फोन केला. आणि मी, चांगली पदवीधर बाई, म्हणाले, "आधी घरच्यांशी बोलून बघा." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"घरच्यानंच केलंय ना म्याडम? मंग त्यालाच काय इच्यारू? आज पोरगी त्या घरात जाणार नाय."

अंगणवाडीची खोली पुंजारामच्या भावकीची होती. खोली जाईल, वस्ती तोंड फिरवील, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरला फोन लावला, पोरीला कडेवर घेऊन ठाण्यात गेल्या आणि बाहेर पुंजाराम शिव्या घालत असताना जबाब दिला. गोदी आईबाप येईपर्यंत शहरातल्या बालगृहात राहिली. पुंजारामला शिक्षा झाली. अंगणवाडी मात्र वर्षभर मारुतीच्या पारावर भरली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही सत्कार ठेवला. मी भाषणात गोदीचं नाव काढलं आणि टाळ्या पडल्या. बाई उठल्या.

"टाळ्या नका वाजवू. पयल्या वजनालाच मी इच्यारायला पायजे व्हतं. तो महिनाभर पोरगी रोज त्या घरात गेली. अन् म्याच तिला खाऊ घालून धाडली."