वाटेत अडकलेली टोळी

निफाडजवळच्या आमच्या गावच्या घरी महालक्ष्म्यांचा नैवेद्य आठवीपासून मी रांधायचे. माझ्या हाताला फार चव होती अशातला भाग नाही. मला पाळी येत नव्हती, त्यामुळे ऐन सणात मी बाजूला बसेन ही भीती नव्हती. आणि मला वास येत नव्हता. देवाच्या फुलाचा वास घेऊ नये तसा नैवेद्याचाही घेऊ नये, नुसत्या वासानेही तो उष्टा होतो, असं माझी मोठी काकू मानते. पुरणात वेलदोडा पडल्यावर कोण नाक बंद ठेवणार? माझं बंदच होतं. "देवीनं हिला आपल्यासाठीच घडवलीये," असं काकू आल्यागेल्याला सांगायची आणि मी शहाणी फुगून जायचे.

वास नावाचं काही असतं यावर लहानपणी माझा विश्वासच नव्हता. मोठी माणसं मोगरा नाकाला लावून "अहाहा" म्हणतात तो एक शिष्टाचार असावा, पाहुण्यांना "या, बसा" म्हणतात तसा. मग मीही "अहाहा" म्हणायचे. नाशिक रोडच्या आमच्या घरात दूध करपून काळं झालं तरी मी शेजारी अभ्यास करत बसलेली असायचे. आई म्हणायची, हिची सर्दी काही जात नाही.

पाळीचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. बारावीला गेले तरी माझं शरीर पाचवीतल्या पोरीचं होतं. वर्गातल्या मुली पोट दुखतंय म्हणून कुरकुरायच्या तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा. पोट दुखण्याचा हेवा! आई म्हणायची, आमच्याकडे जरा उशिराच येते. काकू म्हणायची, घाई काय, जन्मभर हेच तर आहे. मला मात्र मनातून खात्री झाली होती की आपण अशाच राहणार, कधी मोठ्या होणारच नाही. ही भीती मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना काकूची धाकटी लेक, माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली, पहिल्यांदाच बाजूला बसली. मी पुरण वाटत होते. आई निवडलेली मेथी घेऊन आत आली, ओसरीवर बसलेल्या त्या पोरीकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. मेथी तिने तशीच ओट्यावर ठेवली. नाशिकला परतल्याबरोबर आम्ही डॉक्टरकडे गेलो. तिथून आम्हाला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवण्यात आलं.

त्यांनी सोनोग्राफी पाहिली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि भलतंच विचारलं. "हिला वास येतो का?" मला डोळे मिटायला सांगून त्यांनी नाकाखाली काहीतरी धरलं. सवयीने मी म्हणाले, "अहाहा." ती उघडी बाटली होती, रिकामी. मग कॉफी धरली, तेव्हाही मला काहीच कळलं नाही. आई कळवळून म्हणाली, "अहो, त्यात तिचा काय दोष? उलट आमच्याकडे नैवेद्य हीच करते." आणि तिने सगळी हकिकत सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. आजाराच्या दोन्ही खुणा आमच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं एका पाटावर बसून होत्या आणि आम्ही त्यांना नमस्कार करत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

बाईंनी एका कागदावर पोटातल्या बाळाचं डोकं काढलं. बाळ जेमतेम काही आठवड्यांचं असताना, म्हणाल्या, जिथे पुढे नाक होणार तिथे थोड्या पेशी जन्माला येतात. त्यांचं काम मात्र मेंदूत असतं. म्हणून त्या निघतात. वास नेणाऱ्या नसांचे धागे नाकातून मेंदूकडे जात असतात, ते धरून धरून पेशी वर चढतात, मेंदूत शिरतात आणि खोल आत, तळाशी, आपली जागा घेतात. पुढे वयात यायची वेळ झाली की हार्मोन सोडून शरीराला "आता मोठं हो" हा निरोप देतात त्या ह्याच. माझ्या बाबतीत वाटच नीट पडली नव्हती. त्यामुळे वासही पोचला नाही आणि पेशीही पोचल्या नाहीत.

"म्हणजे गर्भाशय वगैरे..." आईने विचारलं.

"सगळं आहे. निरोपाची वाट बघतंय. आपण बाहेरून देऊ. पुढे मूल हवं असेल तर त्यासाठीही इंजेक्शनं असतात, पुष्कळदा यश येतं."

मी तिथेच रडले. नाकातून निघून वाटेत अडकलेल्या त्या पेशींची मला फार दया आली, आणि स्वतःची पहिल्यांदाच आली नाही.

काकूला हे कसं सांगावं याची आईला चिंता होती. शेवटी तिने गावच्या आमच्या द्राक्षबागेची भाषा काढली. "ताई, असं समजा, छाटणीला सुरगाण्याहून मजुरांची टोळी यायची ती वाटेतच अडकली. बागेत काही खोट नाही."

काकू क्षणात समजली. "मग टोळी आता येनार का?"

"नाही. आता आपणच रोज करायचं."

"करू की मग. बाग थोडीच वाऱ्यावर सोडायची?"

गोळ्या सुरू झाल्या. अगदी थोड्या मात्रेपासून, कारण शरीराला घाई चालत नाही. वर्षभराने आईने माझ्यासाठी नवे कपडे मापाने शिवून घेतले आणि शिंप्यासमोर मी उगाचच ताठ उभी राहिले. मग बाईंनी दुसरी गोळी लिहून दिली. ही संपली की थोड्याच दिवसांत पाळी येईल, म्हणाल्या. आईने कॅलेंडर काढलं. नेमक्या महालक्ष्म्या!

आईकडून तारीख कळली तसा काकूचा फोन आला. "पुढं ढकल की बाई. सणाला सगळ्या बाया गोळ्या घेऊन पुढंच ढकलत्यात. नैवेद्याचं कोन बघंल?" खोटं नव्हतं, आईनेही दर वर्षी तेच केलं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट मी पुरणपोळीसाठी थांबवू? मी बाईंनी दिलेल्या नव्या गोळीचं पाकीट उघडलं. आईने फोन ठेवला आणि पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला.

महालक्ष्म्या बसल्या त्या सकाळी मला पाळी आली. पोट असं दुखलं म्हणता! मी हसत होते आणि कळवळत होते. जी गोष्ट बायका कुजबुजत सांगतात ती आईने गॅलरीत उभं राहून फोनवर खणखणीत आवाजात सांगितली, "ताई, हिला अडचण आलीय!" मग काकू म्हणाली, "घिऊन ये तिला."

जेवणाच्या दिवशी आम्ही गावी पोचलो. घरचे नियम माहीत होते, मी ओसरीवरच बसले. आत स्वयंपाक काकूने केला होता. ताटं वाढून तयार होती, आरतीसाठी माणसं जमली होती. तेवढ्यात ओलेत्या केसांची, सोवळ्यातली काकू बाहेर आली. मला वाटलं, लांबूनच विचारपूस करील. ती सरळ माझ्याजवळ आली, खाली बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. मी म्हणाले, "काकू, शिवलात की!"

"शिवले तं शिवले," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि सगळ्यांना खोळंबून ठेवून पुन्हा डोक्यावरून आंघोळ करायला निघून गेली.