साहेब जिन्याने गेले

...तर ते स्टूल म्हणजेच त्याचं ऑफिस, लिहिलंस का? माझ्या धाकट्या भावाचं सांगतेय, तुझ्या बाबांच्या मामाचं. सहा मजली इमारतीत लिफ्ट चालवतो. तिथे शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात. उभा जन्म वरखाली करण्यात गेला बिचाऱ्याचा.

हल्ली ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गचका देते. वर दोर करकरतो. मामा दर खेपेला मान वर करून बघतो. तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर कोण आनंद! आरसा पुसला, स्टूल पुसलं. म्हणे, आता साहेबच बघतील.

साहेब आले. खाली मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा झाला, पाकीट खिशात गेलं, आणि लिफ्ट ठणठणीत असल्याचा शिक्का बसल्या जागी मारून झाला. मग साहेबांना पाचव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मामानं अदबीनं दार उघडलं. "या साहेब, सोडतो वर."

साहेबांनी एकदा वर बघितलं. "नको रे. चाललेलं बरं असतं."

आणि ते धूड निघालं की जिन्याने! धापा खालपर्यंत ऐकू येत होत्या. मामा दार धरून तसाच उभा.

मग त्यानं मॅनेजरला हात जोडून सांगितलं, लिफ्ट दुरुस्त करून घ्या म्हणून. तो म्हणतो, "भीती वाटते ना मामा? मग उतरा. त्या स्टुलावर बसायला बाहेर रांग लागलीय."

या वयात उतरून जाणार कुठे? बायकोचं औषधपाणी त्या स्टुलावरच चालतं.

थोडे दिवस तो लोकांना हळूच म्हणायचा, जिन्याने जा. तर एक म्हातारी खेकसली, "तुझे गुडघे दे मला, मग जाते!" कुणी तक्रारही केली, मामा कामचुकार झालाय म्हणून. तेव्हापासून गप्प. माणसं आत घेतो, तिसरा मजला आला की डोळे मिटतो, गचका बसून गेला की उघडतो.

काल माझ्यापाशी बसून म्हणाला, "ताई, लहान मूल आत आलं ना, की हात बटणाकडे जात नाही गं. पण दाबतोच." मी पाठीवरून हात फिरवला, झालं.

बरं, आता लिहिणं ठेव. तुझी आई धाकट्याला घेऊन उद्या त्याच डॉक्टरकडे जाणार आहे ना? तिला सांग, जिन्यानेच जा. त्याला चारचौघांत बोलता यायचं नाही. आणि हे मामाकडून कळलं असं कुठे बोलू नकोस म्हणावं, नाहीतर त्याचं स्टूल जाईल.